काळीत घर बांधताना

गेल्या मे महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, प्लॉटचं माती परीक्षण झालं. रिपोर्ट एकदम चांगला आलाय, आता पाया खणायला घेतो." अकोल्याच्या बाहेर, जिथे पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत कपाशी आणि तूर उभी असायची, तिथे त्याने दोन गुंठ्यांचा एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट घेतला आहे. मी रिपोर्टचा फोटो मागवला. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू आणि सेंद्रिय कर्ब यांचे आकडे होते. ती जमीन आरोग्य पत्रिका होती. कपाशीला खत किती द्यायचं हे तिच्यावरून ठरवता येतं. त्या मातीवर भिंत उभी राहील का, याबद्दल तिच्यात एक अक्षरही नसतं.

चूक त्याची एकट्याची नाही. "माती परीक्षण" हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या कामांना वापरतो. शेतीचं परीक्षण माती पिकाला काय देईल ते बघतं. बांधकामाचं परीक्षण तीच माती ओझ्याखाली आणि पाण्याखाली कशी वागेल ते बघतं. भाऊ पुढे म्हणाला, "आणि दादा, जमीन इतकी कडक आहे की टिकाव लागत नाही." मे महिन्यात काळी जमीन कडक असतेच. खरा प्रश्न ती जुलैमध्ये कशी असेल हा आहे.

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण, जिथे माणसं राहतात. चांगली जमीन पिकासाठी राखायची हा त्यामागचा साधा हिशेब असेल. पण त्यामुळे पिढ्यान् पिढ्या घरं काळीच्या बाहेर राहिली. आता शहरं वाढली, शेतांचे लेआउट पडले आणि आपण सगळे काळीत राहायला आलो. कुंपणाच्या भिंती तिरक्या होणं, पावसाळ्यात दारं चौकटीत अडकणं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघणं, हे नव्या वसाहतींत घरोघरी दिसतं. लोक सिमेंटला नाहीतर मिस्त्रीला बोल लावतात. बऱ्याचदा त्याचं मूळ खालच्या मातीत असतं.

ही माती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, झिजून झिजून तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं एक खनिज तयार झालं. फ्रान्समधल्या मॉन्टमोरियों गावावरून त्याला हे नाव पडलं. पुढची सगळी गोष्ट या खनिजाची आहे आणि मला ती मनापासून आवडते, त्यामुळे थोडा वेळ तिच्यापाशी थांबतो.

वहीची पानं डोळ्यांसमोर आणा. मॉन्टमोरिलोनाइटचा कण अशाच पानांचा बनलेला असतो. एकेक पान सुमारे एक नॅनोमीटर जाडीचं, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतकं. प्रत्येक पानात तीन थर: वर-खाली सिलिकाचे आणि मध्ये ॲल्युमिनाचा. निसर्गात हे पान घडताना मधल्या थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसतं. ॲल्युमिनियमवर तीन धनभार असतात, मॅग्नेशियमवर दोन. जिथे जिथे अशी अदलाबदल होते, तिथे एक धनभार कमी पडतो आणि पान ऋणभारित होतं. ही तूट भरायला दोन पानांच्या मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे धनभारित कण, म्हणजे आयन, येऊन बसतात. पानांना एकत्र धरून ठेवतात ते हेच.

अभ्रकाची घडण जवळजवळ अशीच असते, पण अभ्रक पाण्यात टाकलं तर फुगत नाही. कारण त्याच्या पानांवरचा भार जास्त असतो आणि मध्ये पोटॅशियमचे आयन खाचेत खुंटी बसावी तसे घट्ट बसलेले असतात. पाण्याला शिरायला फट मिळत नाही. मॉन्टमोरिलोनाइटमध्ये भार कमी, म्हणून पकड सैल. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित ऋण आणि दुसरं किंचित धन असतं. आयन त्याला ओढून घेतात, स्वतःभोवती पाण्याचं कडं करतात आणि त्या कड्याला जागा देण्यासाठी पानं एकमेकांपासून दूर सरकतात. पाण्याचा एक थर शिरला की पानापानांमधलं अंतर पाव नॅनोमीटरने वाढतं, दुसरा शिरला की पुन्हा तेवढंच. मध्ये कॅल्शियम असेल तर हे काही थरांवर थांबतं, कारण त्याचे दोन धनभार दोन्ही पानांना धरून ठेवतात. सोडियम असेल तर थांबणं अवघड. पानांमधलं पाणी खारट आणि बाहेरचं गोडं, म्हणून बाहेरचं पाणी आत येतच राहतं आणि पानं सुटी होण्याची वेळ येते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मातीत सोडियम जास्त आहे, म्हणून अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या भागात घर बांधणाऱ्याने हा मुद्दा विसरू नये.

या पानांचा पसारा किती? शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचं एकूण पृष्ठफळ सुमारे ८०० चौरस मीटरपर्यंत भरतं. म्हणजे दहा ग्रॅमचं ८,००० चौरस मीटर, जवळजवळ ऐंशी गुंठे, दोन एकर. तुमच्या प्लॉटची माती शुद्ध नसते. पण तिच्यात हे खनिज निम्मं जरी असलं, तरी दोन-तीन चमचे मातीत एक एकर जमीन घडी घालून ठेवलेली असते आणि पाण्याला त्या सगळ्या एकरभर पृष्ठभागावर बसायचं असतं.

हे सगळं डोळ्यांनी दाखवणारी चाचणी फार सुंदर आहे. भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागात तिची कृती दिली आहे. माती वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीने चाळायची. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करून काचेच्या दोन उभ्या मोजपात्रांत टाकायचे. एकात ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेलच्या रेणूला धन-ऋण टोकं नसतात, त्यामुळे आयन त्याला ओढत नाहीत आणि माती जेवढी होती तेवढीच तळाशी बसते. पाण्यातली मात्र फुगून वर आलेली असते. रॉकेलमध्ये १२ मिलिलिटर आणि पाण्यात २० आली, तर वाढ ८, म्हणजे १२ च्या ६७ टक्के. हा मुक्त फुगवण निर्देशांक. २० टक्क्यांच्या आत असेल तर फारशी चिंता नाही. ५० च्या वर गेला की माती अति फुगणाऱ्या वर्गात मोडते. हे दोन नळे शेजारी ठेवून मी कितीतरी जणांना दाखवले आहेत. त्यानंतर कोणालाही "जमीन कडक आहे" म्हणताना ऐकलेलं नाही.

फुगणारी माती वर ढकलते आणि तो जोर मोठा असतो. चौरस मीटरला २० ते ३० टनांचा फुगवण दाब काळ्या मातीत दुर्मीळ नाही. एकमजली घराचं पायावरचं ओझं तेवढ्याच जागेवर बहुधा ५ ते १० टन असतं. म्हणजे अशा मातीत घर खचण्याआधी उचललं जाण्याची भीती जास्त. घराच्या मधोमध फरशीखालची वाफ अडते आणि ओल साठत जाते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळून आकसते. मध्य वर, कडा खाली, आणि भिंती तिरप्या चिरतात. एखाद्या कोपऱ्यात सांडपाण्याचा चेंबर गळत असेल, तर तेवढाच कोपरा उचलला जातो. अशा एका घरात ईशान्येच्या भेगेसाठी दोनदा शांत केलेली मी पाहिली आहे. भेग रुंदावतच होती. शेवटी चेंबरचा फुटका जोड बदलला, भिंतीला लागून असलेलं झाडांचं आळं बुजवलं आणि घराभोवती दीड मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला कोबा केला. पुढचे दोन पावसाळे भेग होती तेवढीच राहिली. हातभर खड्डा खणून तीच माती परत भरायची, उरली तर भूमी शुभ, ही जुनी रीतही अजून सांगितली जाते. खणलेली काळी माती ढेकळांमुळे बहुधा उरतेच. पाणी मिळाल्यावर ती काय करेल, हे त्या खड्ड्याला कळत नाही. वास्तुतज्ज्ञाला दिलेल्या दक्षिणेतले थोडे पैसे प्रयोगशाळेकडे वळवले, तर घराचं कल्याण होईल.

प्रयोगशाळेचा रिपोर्टही वाचता आला पाहिजे. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकत राहायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचे, ही प्रमाणित चाचणी तुम्ही साइटवर पाहिली असेल. वाळलेल्या काळ्या मातीत मे महिन्यात ठोके भरपूर लागतात आणि आकडा भारदस्त दिसतो. तीच माती भिजली की मऊ पडते. म्हणून फक्त भारक्षमतेवर समाधान मानू नका. मुक्त फुगवण, फुगवण दाब, द्रव सीमा (किती ओलीला माती वाहू लागते), सुघट्य सीमा (किती ओलीखाली ती वळली तर तुटते), मातीतली त्या दिवसाची ओल आणि मुरूम किती खोलीवर लागला, हे सगळं लेखी मागा.

उपाय आहेत. काळी माती उथळ असेल तर ती काढून टाकायची आणि मुरमावर उतरायचं. वरचा भराव मुरमाचाच, पण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवून. तीन फूट मुरूम एकदम ओतून वरून पाण्याचा टँकर सोडणं म्हणजे भराव नव्हे. माती खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेतात. ओल-सुकीचा खेळ साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालतो. फुगवटा त्याच्या खाली रुतून बसतो आणि वर ढकलणाऱ्या मातीला दाद देत नाही. वरच्या बीमखाली साधारण आठ सेंटिमीटरची पोकळी सोडतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला टेकत नाही. ही पोकळी मिस्त्री कौतुकाने मातीने भरून टाकतात, तेव्हा तिथे स्वतः उभं राहा. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलं की न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर वर दाबून बसवला, तर खालच्या काळ्या मातीची फुगवण बरीच आवरते. कालव्यांच्या कामात हे तंत्र वापरलं गेलं आहे.

भावाच्या प्लॉटवर शेवटी जेसीबीने खड्डा घेतला. वरचं दीड मीटर गडद काळं, भेगांमध्ये कोपरापर्यंत हात जाईल असं. खाली पिवळसर चुनखडीचे खडे मिसळलेली माती. दोन मीटर सत्तरला मुरूम लागला. मुक्त फुगवण ७० टक्क्यांवर निघाली. त्याने कॉलम मुरमापर्यंत नेले, खर्च वाढला म्हणून वरची एक खोली पुढच्या वर्षावर टाकली. काढलेली माती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी काकांच्या हलक्या बरड शेतात नेऊन पसरली. आरोग्य पत्रिकेतले नत्र-स्फुरदाचे आकडे काकांनी वहीत उतरवून घेतले आहेत.