इंट्रामेड्युलरी नेलिंग: हाडाच्या पोकळीत रॉड बसवण्याची शस्त्रक्रिया

लांब हाडाच्या मधल्या पोकळीत, म्हणजे जिथे मज्जा असते तिथे, धातूची सळई घालून तुटलेले भाग एका रेषेत धरून ठेवायचे, ही ती शस्त्रक्रिया. आपल्याकडे पेशंट आणि नातेवाईक 'पायात रॉड टाकला' एवढंच सांगतात, आणि प्लेट बसवलेली असली तरी बरेचदा रॉडच म्हणतात. मोठ्या माणसाचं मांडीचं हाड मधोमध मोडलं तर आज सहसा पहिला उपाय हाच, नडगीलाही खूप वापरतात.

याची सुरुवात कुणी केली यावर एकमत नाही. ऑर्थोपेडिकच्या बऱ्याच लेखांत गोष्ट अ‍ॅझ्टेक लोकांपासून सुरू होते, की मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसबरोबर तिथे गेलेल्या बर्नार्दिनो दे साहागुननं तिथले वैद्य न जुळलेल्या हाडाच्या पोकळीत राळेच्या लाकडाची काडी घालताना पाहिले. यातला 'कोर्तेसबरोबर' हा भाग तर चुकीचाच आहे, कारण अ‍ॅझ्टेक राजधानी पडली 1521 मध्ये आणि साहागुन हा फ्रान्सिस्कन मिशनरी तिकडे पोचला 1529 मध्ये. त्यानं माहिती गोळा केली ती मुख्यतः स्थानिक जाणकारांना विचारून, त्यामुळे 'डोळ्यांनी पाहिलं' हेही जरा जपूनच घ्यावं. काडीचा उल्लेख त्याच्या ग्रंथात आहे हे खरं, पण अशा उपचारानंतर किती जणांची हाडं जुळली हे त्यावरून कळत नाही, आणि तिथून आजच्या रॉडपर्यंत सरळ रेघ ओढणं म्हणजे जरा ओढाताणच.

युरोपात 19व्या शतकाच्या शेवटी जर्मनीत ग्लुक वगैरे मंडळींनी हस्तिदंताच्या खुंट्या वापरल्या. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या अर्नेस्ट हे-ग्रोव्हज या सर्जननं गोळी लागून मोडलेल्या हाडांत धातूच्या सळया घातल्या, पण जंतुसंसर्गानं घात केला. अमेरिकेत रश बंधूंची पिन 1930च्या दशकातच वापरात होती, म्हणून काही अमेरिकन लेखक पहिला मान त्यांना देतात. तरी बहुतेकांचा कल जर्मन सर्जन गेरहार्ड क्युंट्शर (1900–1972) याच्याकडेच जातो आणि ते पटण्यासारखंही आहे, कारण पोकळीत काहीतरी घालणं ही एक गोष्ट आणि रॉड आतून घट्ट दाबून बसला पाहिजे, शिवाय तो मोडलेली जागा न उघडता लांबून, हाडाच्या टोकाकडून आत गेला पाहिजे, हा विचार दुसरी. त्यानं नोव्हेंबर 1939 मध्ये कील शहरात पहिल्यांदा माणसाच्या मांडीत रॉड घातला, पुढच्या मार्चमध्ये बर्लिनच्या सर्जन परिषदेत मांडला, आणि तिथे बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. बाहेरच्या जगाला खरी बातमी लागली ती दुसरं महायुद्ध संपता संपता, जर्मन कैदेतून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या एक्सरेमध्ये हे रॉड दिसले तेव्हा. पायाला वजन लावून महिनोनमहिने पडून राहण्याच्या काळात ही माणसं चालत होती, त्यामुळे आश्चर्य वाटणारच.

क्युंट्शरच्या रॉडची अडचण अशी की हाडाचे तुकडे तुकडे झाले असतील तर पाय आखूड व्हायचा किंवा फिरायचा. त्यावर उपाय म्हणजे रॉडच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू, म्हणजे इंटरलॉकिंग. याची कल्पना खुद्द क्युंट्शरनंच 1960च्या दशकाच्या शेवटी मांडली होती, पण 1970च्या दशकात जर्मनीत क्लेम आणि शेलमान, मग फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये ग्रोस आणि केम्प यांनी ती रुळवली. ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्सरे दाखवणारं यंत्र, आल्यावर तर हे सगळं सोपंच झालं.

सगळ्यात लांबलेला वाद रीमिंगचा. रीमिंग म्हणजे रॉड घालण्याआधी पोकळी आतून कोरून रुंद करणं. एक बाजू म्हणायची की आतला रक्तपुरवठा मारला जातो आणि चरबी फुप्फुसात जाते, दुसरी म्हणायची की जाड रॉड घट्ट बसतो आणि कोरलेला चुरा हाड जुळायला मदतच करतो. मांडीपुरतं उत्तर 2003 च्या कॅनडातल्या अभ्यासानं बऱ्यापैकी दिलं: रीमिंग केलेल्यांत हाड न जुळण्याचं प्रमाण 1.7 टक्के, न केलेल्यांत 7.5 टक्के. नडगीसाठी 2008 मध्ये स्प्रिंट नावाची मोठी चाचणी आली, 1,226 पेशंटचा वर्षभर पाठपुरावा. कातडी न फाटलेल्या फ्रॅक्चरमध्ये पुन्हा हस्तक्षेप लागण्यासारखे प्रसंग रीमिंगनंतर 11 टक्क्यांत आले, एरवी 17 टक्क्यांत. उघड्या फ्रॅक्चरमध्ये ठाम फरक दिसला नाही. पण हा 11 आणि 17 वाचताना एक लक्षात ठेवायला हवं, की त्या फरकातला मोठा वाटा डायनॅमायझेशनचा होता, म्हणजे स्क्रू काढून किंवा तो आपोआप तुटून हाडावर दाब येणं, त्यामुळे रीमिंगचा फायदा आहे पण लेखांच्या मथळ्यांत वाटतो तेवढा ढोबळ नाही. याच चाचणीत हाड जुळत नाही म्हणून करायचं दुसरं ऑपरेशन सहा महिने करायचंच नाही असा नियम होता, आणि बरीच हाडं तेवढ्या वेळात आपली आपण जुळली. माझ्या मते या चाचणीतून शिकण्यासारखं हेच जास्त आहे.

एकाच वेळी बरीच इजा झालेल्या पेशंटला रॉड कधी टाकायचा यावरही दोन मतं आहेत. 1989 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या अभ्यासात लवकर केलेलं बरं असं दिसलं, नंतर जर्मनीतल्या हानोव्हरच्या सर्जनांनी छातीला जबर मार असेल तर थांबा असं सांगितलं, आणि आता पेशंट स्थिर आहे की नाही ते बघून ठरवतात.

नडगीच्या खालच्या टोकाजवळच्या फ्रॅक्चरला रॉड की प्लेट, यावर ब्रिटनमध्ये 321 पेशंटवर केलेल्या चाचणीत (2017) सहा महिन्यांनी अपंगत्वाच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक आला नाही. नडगीत रॉड घातल्यावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं, विशेषतः मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसताना, ही तक्रार बऱ्याच जणांची असते, आणि रॉड काढल्यावर ती जातेच असं नाही.

लहान मुलांत वाढीची जागा सांभाळावी लागते म्हणून जाड रॉड टाळतात आणि फ्रान्सच्या नान्सीमध्ये विकसित झालेल्या लवचिक सळया वापरतात, आपल्याकडचे डॉक्टर त्यांना 'टेन्स' म्हणतात. जिथे सी-आर्म नसतो अशा हॉस्पिटलसाठी अमेरिकेतल्या साइन या संस्थेनं (स्थापना 1999) वेगळा रॉड बनवला, त्यात स्क्रूची भोकं बाहेरून जोडलेल्या पट्टीच्या मापानं शोधतात.