चित्रातला डोंगर आणि खानदेशातला डोंगर

खानदेशातल्या शाळेत निसर्गचित्र काढायला सांगा. बहुतेक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, कौलारू घर आणि शेजारी नारळ. शाळेच्या कुंपणापलीकडे केळीची बाग असली तरी कागदावर नारळच येतो. मुलांचा दोष नाही. वर्षानुवर्षं हेच चित्र गिरवून घेतलं जातं आणि ‘आपला देश’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे तेच उभं राहतं.

देशाचं रूप चित्रकार घडवतात, हे इतिहासात दिसतं. फिनलंड रशियन साम्राज्यात होतं तेव्हा, १८९०च्या दशकात, एरो यार्नेफेल्टसारखे चित्रकार कोलीच्या टेकड्यांवरून दिसणारं पिएलिनेन सरोवर रंगवू लागले. देश १९१७ साली स्वतंत्र झाला; कोलीचा तो देखावा आजही फिनलंडची ओळख आहे. अमेरिकेत थॉमस मोरान १८७१ साली भूवैज्ञानिक फर्डिनंड हेडन यांच्या सर्वेक्षणाबरोबर यलोस्टोनला गेला. त्याची जलरंगचित्रं तिथल्या संसद सदस्यांपुढे ठेवली गेली आणि १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं.

मोराननं खडक बारकाईनं पाहिले होते. खानदेशातले खडकही तितकेच पाहण्याजोगे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थरातला घट्ट बेसॉल्ट टिकतो, तिथे कडा उभा राहतो. सच्छिद्र भाग लवकर झिजतो, तिथे उतार होतो. म्हणून अजिंठ्याच्या रांगेतले कितीतरी डोंगर माथ्याला सपाट आणि अंगानं पायऱ्यापायऱ्यांचे. धुळे-नंदुरबारकडे तर भेगांत शिरून थिजलेला लाव्हा, भोवतीचा खडक झिजल्यावर, उघडा पडला आहे. या झाल्या डाइक: काळ्या दगडाच्या सरळ भिंती, साधारण पूर्व-पश्चिम, कोसन् कोस चाललेल्या. मला तरी खानदेशच्या चित्रात ही रेघ सगळ्यात आधी हवी.

आणि रंग? लांबचा सातपुडा निळा दिसतो, पण झाडी हिरवी आणि खडक काळा. ही निळाई मधल्या हवेची. हवेचे रेणू सूर्यप्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात. अंतर वाढेल तशी गडद डोंगरावर निळी झाक चढते. मे महिन्यात हवेत धूळ असते. तिचे मोठे कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून सातपुडा पांढुरका होतो, कधी दिसेनासाच. पावसानं धूळ बसली की पुन्हा निळा. एलिमेंटरीला बसणाऱ्या मुलांनी म्हणूनच पुढचा कडा गडद ठेवावा आणि मागच्या प्रत्येक रांगेसाठी रंगात थोडं निळं, थोडं पाणी वाढवत जावं.