योकोईंना व्हर्च्युअल बॉयमुळे काढले? एक खुलासा

‘गेम बॉय’ या हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्राचे जनक गुनपेई योकोई यांना ‘व्हर्च्युअल बॉय’ हे त्यांचे पुढचे खेळयंत्र सपशेल आपटल्यामुळे निन्टेंडो या जपानी कंपनीने घरी बसवले, ही कथा जवळजवळ तीन दशके बिनदिक्कत सांगितली जाते. तिला आधार नाही.

काळ्या पडद्यावर केवळ लाल रंगातली चित्रे दाखवणारे ते यंत्र १९९५ च्या जुलैमध्ये जपानच्या बाजारात आले आणि वर्षभरातच गुंडाळले गेले, हे खरे. परंतु योकोईंनी कंपनी सोडली ती ऑगस्ट १९९६ मध्ये, आणि त्याच्या अवघा महिनाभर आधी त्यांच्याच देखरेखीखाली घडलेला ‘गेम बॉय पॉकेट’ बाजारात आला होता: आकाराने लहान, पडदा अधिक स्पष्ट आणि चारऐवजी दोनच, त्याही बारक्या, बॅटऱ्यांवर चालणारा. हकालपट्टी ठरलेल्या माणसाच्या हाती कोणती कंपनी आपले हुकमी उत्पादन सोपवील?

राजीनाम्यानंतर ‘बुंगेई शुंजू’ या जपानी मासिकात योकोईंनी स्वतःच या तर्काचे खंडन केले. पन्नाशीच्या आसपास स्वतंत्र व्हावे, हा त्यांचा जुनाच मनसुबा होता. अपयशाची बोच त्यांना नसेल असे नव्हे. पण बोच असणे वेगळे आणि नोकरी जाणे वेगळे. १९६५ मध्ये पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी रुजू झालेल्या या अभियंत्याने पुढे क्योतोमध्ये ‘कोतो’ ही स्वतःची कंपनी काढली आणि बांदाई या खेळणी कंपनीसाठी ‘वंडरस्वान’ या एकाच बॅटरीवर चालणाऱ्या खेळयंत्राच्या आखणीत भाग घेतला. ते १९९९ मध्ये विक्रीस आले. योकोई मात्र ऑक्टोबर १९९७ मध्येच रस्ते अपघातात वारले होते.