जुनी जपानी तलवार घ्यायचीय? पात्याआधी कागद बघा

तोक्योतल्या निशिकासाईत राहायला आल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, इथे जुनी कटाना विकत घ्यायला परवाना लागतो का आणि आपल्यासारख्या परदेशी माणसाला तो देतात का. उत्तर ऐकून बहुतेकांना पटत नाही. परवाना माणसाला नसतोच, तो तलवारीला असतो.

जपानचा बंदुका आणि तलवारींचा कायदा 1958 चा. त्याप्रमाणे तलवार बाळगायला मुळात बंदीच आहे, पण जी पाती जुन्या पारंपरिक पद्धतीने घडवलेली आहेत आणि कलावस्तू म्हणून ज्यांचं मोल आहे त्यांची नोंदणी होते आणि तेवढ्यांना सूट मिळते. या नोंदणीचा दाखला म्हणजे तोरोकुशो, एक छोटासा कागद. तो देतं त्या त्या प्रांताचं शिक्षण मंडळ! मला आधी वाटलं दुकानदार चेष्टा करतोय, तलवारीचा कागद आणि शाळावाल्यांकडून? पण इथे सांस्कृतिक ठेव्याचं काम प्रांतात शिक्षण मंडळच बघतं, त्यामुळे तलवारही त्यांच्याच टेबलावर.

म्हणजे पात्रता अशी काही नाही. नागरिकत्व लागत नाही, परीक्षा नाही, पोलिसांची मुलाखत नाही. दाखला असलेली तलवार तुम्ही घेऊ शकता आणि दाखला नसलेली अस्सल जपानी माणूससुद्धा घरात ठेवू शकत नाही. फक्त दाखला आहे म्हणून ती पाठीला लावून फिरायचं नाही हं, योग्य कारणाशिवाय बाहेर घेऊन हिंडणं हा वेगळा गुन्हा आहे. दुकानातून घरी आणताना पिशवीत नीट बांधून आणा आणि दाखला बरोबरच ठेवा, तलवार आणि दाखला कधीच वेगळे करायचे नाहीत.

आता तो कागद वाचायचा कसा, कारण नवखा माणूस पातं बघून हरखतो आणि कागद घडी घालून खिशात टाकतो. त्यावर नोंदणी क्रमांक, तारीख, प्रांताचं नाव असतं आणि खाली तलवारीचं वर्णन, म्हणजे प्रकार, लांबी, बाक, मुठीची खुंटी जिथून जाते ती भोकं किती आणि कोरलेला मजकूर. लांबी टोकापासून पात्याच्या पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात, मुठीत जाणारा भाग त्यात धरत नाहीत. जुन्या दाखल्यांवर ती शाकु आणि सुन या जुन्या जपानी मापांत लिहिलेली असते, 10 सुनचा 1 शाकु, 1 शाकु म्हणजे 30.3 सेंमी, त्यामुळे 2 शाकु 3 सुन म्हणजे साधारण 69.7. एक शाकुच्या आत असेल तर तांतो, एक ते दोन शाकु वाकिझाशी, त्याच्यावर कटाना किंवा ताची (धार खाली करून कमरेला लटकवायची तलवार). दुकानदाराला सांगून मूठ काढून घ्या आणि भोकं मोजा, कागदावर एक आणि पात्याला दोन असतील तर तिथेच थांबायचं. कागद दुसऱ्याच तलवारीचा असू शकतो, आणि मग ते निस्तरायला तुम्हाला पातं घेऊन पुन्हा तपासणीला जावं लागेल. दाखल्याचा क्रमांक सांगून मंडळाला फोन केला आणि नोंद जुळतेय का विचारलं तर सगळ्यात बरं.

आणि मोठा घोळ होतो तो इथे. तोरोकुशोवर कोतेत्सु असं नाव लिहिलंय म्हणजे तलवार कोतेत्सुने केली असा अर्थ होत नाही! पात्यावर जे कोरलंय ते मंडळाने उतरवून घेतलं, बस. कोरलेली लोहाराची सही खरी का खोटी हे ठरवणं त्यांचं कामच नाही. कोतेत्सु हा एदो काळातला इतका नावाजलेला लोहार की जपान्यांत म्हणच आहे, कोतेत्सु दिसली की खोटी समज. आपल्याकडे सातबारावर नाव आहे म्हणून जमिनीची मालकी सिद्ध होत नाही, तसंच काहीसं.

तलवार अस्सल आहे का याचं प्रमाणपत्र ही वेगळीच गोष्ट. त्यासाठी 1948 साली स्थापन झालेली जपानी कला तलवार जतन संस्था आहे, लोक तिला एनबीटीएचके म्हणतात, तिचं तलवार संग्रहालय 2018 पासून र्‍योगोकूला आहे, सुमो बघायला जाल तेव्हा चक्कर टाका. तिथे तज्ज्ञांसमोर पातं ठेवतात त्याला शिन्सा म्हणतात आणि पास झालं तर होझोन, त्याच्या वर तोकुबेत्सु होझोन, मग जुयो, आणि सगळ्यात वर तोकुबेत्सु जुयो. यातले होझोन आणि तोकुबेत्सु होझोन 1982 पासूनचे. त्याआधीचे हिरवे-पांढरे कागद बाजारात अजून दिसतात, त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, बरेच जाणकार पुन्हा शिन्सा करून घ्यायला सांगतात. माझं मत विचाराल तर पहिली तलवार होझोन कागद असलेली, विनासहीची, साधी वाकिझाशी घ्या. सहीचा मोह नंतर.

तलवार घेतली की 20 दिवसांच्या आत मालक बदलल्याचं कळवायचं असतं. फॉर्म भरायचा, त्यात दाखल्यावरची माहिती, तुमचं नाव पत्ता, कोणाकडून घेतली ते, आणि बहुतेक ठिकाणी दाखल्याची झेरॉक्स जोडायची. फी नाही. मी काय केलं, तोक्योत राहतो म्हणून फॉर्म तोक्योला पाठवला आणि निवांत बसलो, आठवड्याने तो परत, कारण माझा दाखला गिफु प्रांताचा होता. ज्या प्रांताने दाखला दिला त्यालाच कळवायचं, तुम्ही कुठेही राहत असा. दाखला हरवला तरी अर्ज तिथेच, नव्या प्रतीला 3500 येन.

घरात बिनकागदाची तलवार सापडली तर, म्हणजे जपानी सासरी माळ्यावर वगैरे, हे होतं बरं का, आधी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं. ते सापडल्याची नोंद करून कागद देतात, तो आणि तलवार घेऊन प्रांताच्या तपासणीच्या दिवशी जायचं, नोंदणीची फी 6300 येन. युद्धकाळातली कारखान्यात बनवलेली लष्करी पाती मात्र इथे नापास होतात, आजोबांची आठवण म्हणून सूट मिळत नाही. म्हणून परदेशातून तसली तलवार जपानमध्ये आणायच्या भानगडीतही पडू नका.

देशाबाहेर न्यायची असेल तर सांस्कृतिक खात्याचं निर्यात प्रमाणपत्र लागतं, हे खातं 2023 मध्ये क्योतोला हललं. अर्जाच्या दोन प्रती, पूर्ण पात्याचे आणि मुठीतल्या भागाचे फोटो, आणि मूळ तोरोकुशो, जो ते परत घेतात कारण तलवार देश सोडणार. फी नाही पण काही आठवडे धरून चला, सुट्टीवर आलेल्या माणसाने शेवटच्या दिवशी तलवार घेऊन हे जमत नाही. चांगले दुकानदार अर्ज स्वतः करून नंतर पाठवतात. राष्ट्रीय ठेवा किंवा महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून जाहीर झालेली तलवार असेल तर विषयच संपला.

आणि पुण्याला न्यायची म्हणाल तर जपानचं प्रमाणपत्र फक्त जपानमधून बाहेर काढतं. भारतात शस्त्र आणायला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली लायसन्स लागतं आणि तलवार त्या कायद्यात शस्त्रच आहे, शोभेची म्हणून सांगून कस्टमवाला ऐकेल या भरवशावर लाखभर रुपयांची वस्तू नेऊ नका, आधी लेखी विचारा. मी स्वतः घरच्यांसाठी त्सुबा नेली, मुठीपुढची ती लोखंडी चकती. तिला तोरोकुशो लागत नाही, बॅगेत मावते आणि एदो काळातली असूनही खिशाला झेपली. आईने ती देवघराशेजारी ठेवलीय, तिला वाटतं दिवा ठेवायची बैठक आहे.