पी-सिलेक्टिन

पी-सिलेक्टिन हे पेशींना चिकटवून धरणारे आणि चिकटलेल्या पेशीला पुढच्या कामाचा इशारा देणारे मानवी प्रथिन आहे. एरवी ते दडून असते: प्लेटलेटच्या अल्फा कणिकांत आणि रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींतल्या वायबेल-पलाडे पिंडांत, म्हणजे त्या पेशींच्या साठवणीच्या पिशव्यांत. रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन किंवा दाहाचा इशारा देणारे हिस्टामिन पोचले की काही मिनिटांत ते पेशीच्या पृष्ठभागावर येते. त्याचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे.

विदर्भात या प्रथिनाचे महत्त्व सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे. मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांवरचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच आला होता. नागपुरात आजही ‘एएस पॅटर्न’ (वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द घरोघरी माहीत आहेत. विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात म्हणून हातपाय ठणकतात, असे रुग्णाला सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. चेतवलेल्या अस्तरावर पी-सिलेक्टिन आलेले असते. त्याला पांढऱ्या पेशी चिकटतात, काही सिकल पेशीही चिकटतात, आणि वाट तुंबते. वेदनेच्या झटक्यात आकाराइतकाच हा चिकटपणाही दोषी आहे, आणि रुग्णाला हे सांगायला हवे.

अभ्यासासाठी हे प्रथिन पुनर्संयोजित रूपात, म्हणजे त्याचे जनुक दुसऱ्या पेशींत घालून, तयार करतात. पेशीबाहेरच्या भागाचे जनुक सस्तन प्राण्यांच्या पेशींत, बहुधा हॅमस्टरच्या अंडाशयाच्या किंवा मानवी मूत्रपिंडाच्या पेशींत घालतात. गंधकबंध नीट जुळावेत आणि शर्करासाखळ्या लागाव्यात, म्हणून जिवाणूंऐवजी हा महागडा मार्ग. मग काचेच्या अरुंद नळीला त्याचा लेप देऊन वरून पांढऱ्या पेशींचा प्रवाह सोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी वाहून न जाता अडखळत घरंगळताना दिसतात. कॅल्शियम काढून घेणारे ईडीटीए घातले की त्या सुटून निघून जातात, कारण ही पकड कॅल्शियमवरच उभी आहे.

पांढऱ्या पेशीवरचा पी-सिलेक्टिनचा जोडीदार म्हणजे पीएसजीएल-१ हे प्रथिन. या जोडीचे वागणे विलक्षण आहे. एका मर्यादेपर्यंत ताण वाढवला की बंध जास्त वेळ टिकतो, निरगाठ ओढल्यावर आवळते तसा. त्यापुढे मात्र तो तुटतो. हे २००३ मध्ये प्रत्यक्ष मोजले गेले. बंध जुळताच पेशीच्या आत संकेत जातो, इंटिग्रिन ही घट्ट पकडणारी प्रथिने जागी होतात आणि घरंगळणारी पेशी थांबते.

पी-सिलेक्टिनला अडवणारे प्रतिपिंड-औषध म्हणजे क्रिझानलिझुमॅब. २०१७ च्या चाचणीत त्याची मोठी मात्रा घेणाऱ्यांत वर्षातल्या झटक्यांचा मध्यक १.६३ होता, बिनऔषधी मात्रा घेणाऱ्यांत २.९८, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र तो फायदा दिसला नाही, आणि युरोपने २०२३ मध्ये मान्यता काढून घेतली.

नागपुरात भर हायड्रॉक्सीयुरिया या औषधावर आहे. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, लोकांच्या भाषेत ‘मेडिकल’मध्ये, गंभीर आजारी मुलांना वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम अशी कमी मात्रा देऊन झटके कमी झाल्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते आणि पांढऱ्या पेशींची संख्याही घटवते, म्हणजे पी-सिलेक्टिनला चिकटायला येणाऱ्या पेशीच कमी होतात.