न्हाणीघराची जाळी आणि टाळूचं टक्कल

न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंता दिसला की आधी बोअरच्या पाण्याला शिव्या बसतात, मग शाम्पूला, मग हेल्मेटला. खरं तर जाळीवरचे केस आणि टाळूवरचं टक्कल ही बरीचशी वेगवेगळी प्रकरणं आहेत.

डोक्यावर साधारण 1 लाख केस. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग त्याचं मूळ तीनेक महिने विसावतं आणि जुना केस पडतो. रोज 50 ते 100 केस जाणं यात काहीच वावगं नाही. टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन असा दणका बसला की पुष्कळ मुळं एकदम विसाव्याला जातात. केस मात्र झडू लागतात दोन-तीन महिन्यांनी. तोवर ताप विसरलेला असतो आणि आळ येतो मागच्या आठवड्यात बदललेल्या तेलावर. हे केस बहुधा परत येतात. थायरॉइड बिघडलं किंवा लोह कमी पडलं तरी केस झडतात, म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात.

टकलाची तऱ्हा निराळी. तिथे केस दर फेरीला बारीक आणि आखूड होत जातो, शेवटी नुसती लव उरते. यामागे टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे संप्रेरक. वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे अमेरिकेतले संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 साली मांडलं. अशांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस विरळ होऊ लागले. नुसतं संप्रेरक पुरत नाही, वारसाही लागतो. (त्यातलं एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, पण सगळं खापर मामावर फोडू नये, वडिलांकडची जनुकंही हातभार लावतात.)

पुढे डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावची काही कुटुंबं 1974 साली संशोधनात आली. मुलगी म्हणून वाढलेली तिथली काही मुलं वयात येताना पुरुषासारखी होत. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण त्याचं डीएचटी करणारं विकर (एन्झाइम) जन्मतःच अपुरं. मोठेपणी त्यांची दाढी विरळ राही आणि कपाळ मात्र मागे सरकत नसे. हेच विकर अडवणाऱ्या फिनास्टेराइड या औषधाला अमेरिकेत 1992 मध्ये वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी आणि 1997 मध्ये टकलासाठी मंजुरी मिळाली.

गंमत म्हणजे टाळूवर केस आक्रसवणारं डीएचटी हनुवटीवर दाढी दाट करतं. डोक्याच्या मागच्या बाजूच्या केसांना तर त्याचं सोयरसुतकच नसतं. ती मुळं उचलून टकलावर लावली तरी तिथेही ती वाढतच राहतात, हे अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1959 साली दाखवलं, आणि हेअर ट्रान्सप्लांटचा सगळा धंदा त्यावर उभा आहे.