गावच्या घरातलं स्वयंपाकघर: काम काढण्याआधी

गावचं घर दुरुस्त करायला निघालेले बरेच ग्राहक आम्हाला मोबाइलवर फोटो दाखवतात. पांढरी कपाटं, लाकडी तुळया, टांगलेली तांब्याची भांडी. फोटो छानच असतात. पण रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून आम्ही कपाटांपासून नाही, भिंतींपासून सुरुवात करतो.

इथल्या भिंतींचा तांबडा दगड, म्हणजे जांभा चिरा, ओल ओढतो आणि कोरड्या दिवसांत सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि पोपडे धरतात. आम्ही चुन्याचाच गिलावा करतो. त्याला सुकायला सवड लागते. गणपतीला घर तयार हवं असेल, तर दिवाळी झाली की बोलवा. मे महिन्यात फोन आला तर आम्ही नाही म्हणतो. वायरिंगसाठी चिऱ्यात झिऱ्या मारत नाही. पाइप भिंतीवरूनच जातात, दिसले तर दिसू देत.

आता चूल. ती काढून टाकायचं सगळ्यांच्याच मनात असतं. पण वर्षानुवर्षं त्याच धुराने वासे-रिपा कोरडे राहिले, कीड लांब राहिली. चूल विझली की छपराला कळतं. जमत असेल तर मातीची चूल वैलासकट (बाजूच्या जोडचुलीसकट) परसदारच्या पडवीत तरी ठेवा. भाकरी आणि माशाचं कालवण तिच्यावरच करावं, असं आमचं मत. चूल नकोच असेल, तर वाशांना वाळवीचं औषध आधी, रंग नंतर.

जुन्या घरांत रांधप बसून व्हायचं, त्यामुळे खिडक्या जमिनीलगत. उभा ओटा तिथे घातला की अर्धी खिडकी झाकली जाते, आणि मग कुणीतरी ती बुजवूनच टाकतं. आम्ही ओटा दुसऱ्या भिंतीला नेतो. खिडकीपाशी विळी घेऊन बसायची जागा तशीच राहते. ओट्याची उंची साधारण 32 ते 34 इंच, पण खरं माप रांधणाऱ्याच्या कोपराचं: कोपराखाली चार-पाच इंच. उजेडासाठी ओट्यावर दोन-तीन काचेची कौलं पुरतात. जास्त घातलीत तर मे महिन्यात उभं राहवत नाही.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवीच.

एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची, कपाटं आम्ही बसवत नाही, पावसाळ्यात फुगतात. सागाचं फडताळ किंवा पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, भिंतीपासून इंचभर सुटं. कोनाडे बुजवू नका, मिठाच्या बरणीला त्याहून चांगली जागा नाही.

पाहणीला आम्ही शक्यतो काम काढण्याआधीच्या जुलैत येतो, गळती तेव्हाच दिसते. त्या दिवशी या घरात रांधलेलं कुणी असेल, आजी, काकी, तर त्यांना थांबवून ठेवा. पागोळ्यांचं पाणी कुठून आत येतं, ते त्यांना विचारायचं असतं.